पाचशे ताटं

पहाटे कॅम्पातलं बिगूल वाजायच्या आधी आमच्या चुलीत जाळ झालेला असायचा. बेळगावात आलो तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. पहिले काही दिवस मला खरंच वाटायचं, की ते बिगूल गोऱ्या शिपायांसाठी नसून माझ्या आईसाठी वाजतं आणि आई रोज त्याच्या आधी उठून त्याला हरवते. मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. काटवटीत पिठाचा गोळा पडला की आधी एक दबका आवाज, मग भराभर थप थप थप, मग तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्र. दोन चुली, दोन तवे आणि मधे आई. पन्नास मुलांच्या सकाळच्या जेवणाला दीडशेच्या वर भाकऱ्या लागायच्या. थापता थापता आई आमच्या जैनांचा णमोकार मंत्र म्हणायची, आणि तिचा जप कुठवर आला त्यावरून किती भाकऱ्या झाल्या ते मला अंथरुणातच कळायचं.

आम्ही मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. त्यांच्या सदऱ्याला, डोक्याला, अगदी आमच्या वाकळांनासुद्धा तंबाखूचा वास होता. एका उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. मामांनी खटपट करून आईला बेळगावच्या एका बोर्डिंगात स्वयंपाकाला लावून दिलं. बोर्डिंग म्हणजे भाड्यानं घेतलेलं एक लांबट कौलारू घर. निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी आणि व्यापारी घरांतली मुलं इंग्रजी शाळा शिकायला बेळगावात यायची, ती तिथं राहायची. बहुतेक जैनांची. घरात मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, आणि भांडताना दोन्ही बोलणारी. दात्यांनी पाठवलेल्या धान्यावर आणि वर्गणीवर सगळं चालायचं. आता ते घर नाही, ते बोर्डिंगही नाही, आणि त्याचं नाव आठवणारं माझ्याशिवाय कुणी उरलं असेल असं वाटत नाही.

आईचं नाव चंपाबाई, पण मुलं तिला आक्का म्हणायची. मुलांच्या बोर्डिंगात बाई स्वयंपाकाला ठेवायची हे तेव्हा नवंच होतं. आधीचा आचारी वीस मुलांचं करायचा. मुलं पन्नास झाल्यावर तो हात वर करून गावी निघून गेला, म्हणून आईला जागा मिळाली. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला राहायला. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. संध्याकाळी भाकरी, पिठलं, ताक एवढंच. खरं जेवण सकाळचं. भाकरी, भाजी, आमटी, भात, आणि डाव्या हाताला शेंगदाण्याची चटणी. सणाला हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर. आईची हुग्गी खाऊन एका मुलानं घरी पत्र टाकलं होतं, की दिवाळीला मी येत नाही.

माझं काम ताटांचं. पंगत उठली की पन्नास जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची ताटं गोळा करायची, मागल्या दारी नेऊन राखेनं घासायची, आणि अकराच्या आत मुलींच्या शाळेत पोचायचं. उष्टं टाकणं हे आमच्यात नुसतं वाईट वळण नव्हे, पाप. टाकलेल्या अन्नात जीव होतात, त्यांची हिंसा आपल्या माथी. काही म्हातारे तर जेवण झाल्यावर ताटात पाणी घालून ते पिऊन टाकायचे, म्हणजे कणसुद्धा वाया जायला नको. म्हणून बोर्डिंगाचे व्यवस्थापक आदाप्पा मास्तर रोज पंगतीच्या शेवटी एक फेरी मारायचे आणि किती ताटांत अन्न उरलं ते आपल्या रोजवहीत मांडायचे. मास्तर पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. सडसडीत, कडक, पण माणूस सरळ. शाळा सुटली तरी हजेरी मांडायची सवय सुटली नव्हती.

आणि आता भोपळा. पायगोंडा आप्पा म्हणून चिकोडीकडचे एक मोठे जमीनदार होते. बोर्डिंगाच्या पंचांचे ते मुख्य. त्यांच्या मळ्यातून दर आठवड्याला एक बैलगाडी यायची, भोपळ्यांनी भरलेली. दान म्हणून. तांबडे भोपळे, एकेक उचलायला दोन मुलं लागायची. आईनं पहिला भोपळा कापला तेव्हा तिचा चेहरा पडलेला मला आठवतो. आत नुसतं पाणी आणि दोरे. गोडी नाही, वास नाही. आमच्याकडं असले भोपळे गुरांना घालतात. पण दान आलेलं, टाकायचं कसं? भाजी दिवसाआड भोपळ्याची ठरली. आईनं त्याच्यासाठी काय केलं नाही? मेथीची फोडणी दिली, तीळकूट घातलं, गूळ-चिंच घातली, किसून थालीपिठात दडवला. मुलं हसून खायची, निदान खाल्ल्यासारखं करायची. ज्या दिवशी भोपळा त्या दिवशी ताटं घासताना माझ्या हाताला ते दोरे लागायचे.

एक दिवस मी शाळेतून आले तर मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते आणि आई पदर सावरून आत. मास्तर म्हणत होते, की त्यांना वाईट वाटतंय पण इलाज नाही. रोजवहीच सांगते. आधीच्या आचाऱ्याच्या वेळी रोज आठ ताटांत अन्न उरायचं. आता एकोणीस ताटांत उरतंय. दुपटीच्याही वर. पंधरा दिवसांनी पंच यायचे आहेत, त्यांच्यापुढं हे मांडावं लागणार, आणि कोल्हापूरकडचा एक आचारी बघून ठेवला आहे. मास्तर गेल्यावर ती जात्यापाशी जाऊन बसली, पण दळायला घेतलं नाही. आमच्या आईचं जातं रिकामं बसलेलं मी तेवढ्या एकदाच पाहिलं.

मी म्हटलं, हे सगळं भोपळ्यामुळं होतंय, आपण पंचांना सांगू. आई माझ्याकडं वळली. आमच्या भागातल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. तिचं ते बोलणं मला आजही तसंच ऐकू येतं. म्हणाली, "सुमे, ज्याचं अन्न खातो त्याच्या अन्नाला मी नाव ठिवणार न्हाय. आणि तूबी ठिवायचं न्हाय." विषय संपला. निपाणीला परत जायचं तर मामांच्या दारात, तीन खणांच्या घरात नऊ माणसं होती तिथं आणखी दोन. माझी शाळा तर सुटलीच असती. मामांकडं मुलींना चौथीच्या पुढं शिकवायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाई शेकडेवारी शिकवत होत्या आणि माझं लक्ष नव्हतं. बाई कोकणातल्या, एकट्या राहायच्या, रागावल्या की आवाज आणखी हळू व्हायचा. सुट्टीत त्यांनी मला थांबवून घेतलं. मी सगळं सांगितलं आणि शेवटी रडले. बाईंनी मला रडू दिलं, मग विचारलं, "एकोणीस ताटांत उरतं म्हणजे काय उरतं?" मी म्हटलं, भोपळा. त्या म्हणाल्या, "एकोणीसच्या एकोणीस ताटांत? रोज? तू मोजलंयस?" मी मान हलवली. मोजलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "पंचांपुढं मत सांगायला जाशील तर ते तुझं वय विचारतील. मोजून जाशील तर आकडा विचारतील. आईनं नाव ठेवायला बंदी केली आहे, मोजायला नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मी पाच गाडगी मागल्या दारी ओळीनं मांडली. पहिलं निर्मळ ताटांचं, म्हणजे ज्यात काही उरलं नाही त्यांचं. मग भाजी, भाकरी, भात आणि आमटी. चिंचोके आमच्याकडं टोपलीभर होते. एक ताट हातात आलं की त्यात काय उरलंय ते बघायचं आणि त्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्याच दिवशी अडले. एका ताटात भाजीही होती आणि भातही होता. दोन्ही गाडग्यांत टाकावं तर चिंचोके ताटांपेक्षा जास्त होणार. मी ते ताट तसंच बाजूला ठेवलं आणि शाळेत जाऊन बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, एक ताट, एक चिंचोका. काहीतरी नियम ठरव आणि मग तो मोडू नकोस, तुझ्या सोयीचा असो की गैरसोयीचा. मी ठरवलं, जे जास्त उरलं असेल त्याच्या गाडग्यात. आणि वीतभर भाकरी उरली काय किंवा घासभर उरली काय, ताट निर्मळ नाही ते नाही.

माझी नात अलीकडं कॉलेजात हाच विषय शिकत होती. वारंवारता, सापेक्ष वारंवारता, वर्गांची सारणी. तिनं मला पुस्तक वाचून दाखवलं आणि म्हणाली, आजी, हे तुला नाही कळायचं. मी तिला पाच गाडग्यांची गोष्ट सांगितली. तिला खोटी वाटली.

दहा दिवस मी मोजलं. रोज सकाळच्या पंगतीची पन्नास ताटं. एक-दोन मुलं तापानं खोलीत पडून होती, त्यांची ताटं खोलीत जायची, ती परत आल्यावर त्यांचेही चिंचोके टाकायचे. आईनं पहिल्या दिवशी विचारलं, ह्यो काय खेळ मांडलायस? मी म्हटलं, बाईंनी गणित दिलंय. खोटं नव्हतं ते. रोज चिंचोके मोजून मी वहीत लिहायची, आणि ज्या दिवशी भोपळा असेल त्या दिवसापुढं एक गोल वाटोळं काढायची. बाकीच्या दिवशी दोडका, घेवडा, मुगाची उसळ असं काहीतरी असायचं. दहा दिवसांत पाच दिवस भोपळा आला, पाच दिवस नाही.

एकूण ताटं झाली पाचशे. त्यांतली निर्मळ तीनशे दहा. भाजी उरलेली एकशे वीस. भात तीस, भाकरी वीस, आमटी वीस. मी बेरीज तीनदा केली. उष्ट्याची ताटं एकशे नव्वद, म्हणजे रोजची एकोणीस. मास्तरांची रोजवही खोटी नव्हती. एकोणीस ते एकोणीसच. मग आईची बाजू कुठं राहिली?

बाईंनी माझी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "आधीच्या आचाऱ्याच्या वेळी आठ ताटं. कितीतली आठ?"

वीस मुलं होती तेव्हा. विसातली आठ, म्हणजे शंभर मुलं असती तर चाळीस. आता पन्नासांतली एकोणीस, म्हणजे शंभरात अडतीस. शेकडा चाळीस आणि शेकडा अडतीस. आई मागं नव्हती. ती पुढं होती, भोपळा पोटात घालूनसुद्धा पुढं होती. त्या दिवशी शाळेतून घरापर्यंत मी पळत आले. वाटेत धडपडले, गुडघा फुटला, तो दुखलाही नाही. शेकडा म्हणजे व्याज, एवढंच मला तोवर माहीत होतं. शेकड्यानं आईला सोडवता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी सगळ्याचाच शेकडा काढला. पाचशेला पाचानं भागलं की शंभर, म्हणून प्रत्येक आकड्याला पाचानं भागायचं. निर्मळ बासष्ट, भाजी चोवीस, भात सहा, भाकरी चार, आमटी चार. बेरीज शंभर. ती शंभर बरोबर आली तेव्हा दार लावून घ्यावं तसं वाटलं, आता आत काही शिरणार नाही आणि बाहेर काही सांडणार नाही. शेवटी भाजीचे दोन वाटे केले. भोपळ्याच्या दिवसांची अडीचशे ताटं, त्यांत भाजी उरलेली एकशे पंधरा, शेकडा शेहेचाळीस. बिनभोपळ्याची अडीचशे, त्यांत भाजी उरलेली पाच; शेकडा दोन.

पंच आले त्या दिवशी सकाळीच गडबड. आम्ही आल्यापासून पायगोंडा आप्पा पहिल्यांदाच बोर्डिंगात येत होते. पांढरा फेटा, भरघोस पांढऱ्या मिशा, हातात काठी, आणि बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. भोपळ्याचाच वार होता. आईला कुणीतरी सुचवलं की आज तरी दुसरं काही कर, पण तिनं आप्पांच्या मानासाठी मुद्दाम भोपळाच केला, खोबरं घालून. आप्पा म्हणाले, मी वेगळा पाट घेणार न्हाय, पोरांच्या पंगतीत बसतो. बसले. मी दाराआडून बघत होते. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला आणि मान डोलावली. मग भोपळ्याचा घास घेतला. चावायचं थांबले. पुन्हा चावू लागले.

आप्पा व्रतस्थ माणूस. ताटात काही टाकायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम. मुलं उठली, हात धुऊन आली, तरी आप्पा बसलेले. भाकरीच्या तुकड्याबरोबर, भाताबरोबर, मग पाण्याच्या घोटाबरोबर, असा एकेक घास करून त्यांनी भोपळा संपवला. मग ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि पिऊन टाकलं.

पंच ओसरीवर बसले. मास्तरांनी रोजवही उघडून आठ आणि एकोणीस हे आकडे वाचले. पंचांतले एकजण म्हणाले, बाईमाणसाच्या हातात एवढा पसारा झेपायचा नाही हे आपण आधीच म्हणालो होतो. आई दाराशी उभी होती, मान खाली. तेव्हा मी पुढं गेले. मी म्हटलं, मास्तर, माझ्याकडंपण मोजलेलं आहे, वाचू का? आईनं हाक मारली, "सुमे." मी थांबले नाही. तिची आज्ञा मोडण्याची ती पहिली खेप, आणि मी ती मोडली असं मला अजूनही वाटत नाही. मी कुणालाच नाव ठेवलं नाही. मी फक्त आकडे वाचले.

आधी विसातली आठ आणि पन्नासांतली एकोणीस. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मग रोजवहीकडं, मग बोटांवर काहीतरी केलं. ते म्हणाले, "चाळीस आणि अडतीस." मग, कुणाला उद्देशून नाही, म्हणाले, "मी तीस वर्षं हे पोरांना शिकवलं." मग पाच गाडग्यांत चिंचोके टाकून कसं मोजलं ते सांगून मी त्यांचे शेकडे वाचले. शेवटी भाजीवर आले. भोपळ्याच्या दिवशी शेहेचाळीस, बाकीच्या दिवशी दोन, एवढं म्हणून मी वही मिटली.

"एष्टु?" आप्पांनी कानडीत विचारलं. किती? मी पुन्हा सांगितलं. एक पंच घाईघाईनं म्हणाले, लेकरू आहे, कुणीतरी पढवलं असणार. आप्पांनी त्यांना हातानं गप्प केलं आणि मला जवळ बोलावलं.

"आज माझं ताट कुठल्या गाडग्यात टाकणार गं तू?"

मी म्हटलं, "निर्मळ ताटांच्या, आप्पा."

"न्हाय. खोटं हुईल ते. मी मन मोडून खाल्लंय. भाजीच्या गाडग्यात टाक."

आता विचार करते तेव्हा वाटतं, तेवढा एक चिंचोका भाजीत टाकला असता तर सगळं तिथंच आमच्या बाजूनं झालं असतं. मोठा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता. पण नियम माझाच होता, आणि दहा दिवस मी तो पाळला होता. मी म्हटलं, "ताट निर्मळ हाय, आप्पा. मनाचं गाडगं आम्ही ठिवलंच न्हाय."

आप्पांनी वाकून माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि ते हसायला लागले. त्यांचं बघून मास्तर हसले, पंच हसले, आणि आतून खिडकीशी दाटी करून ऐकणारी पन्नास मुलं तर खिदळायलाच लागली. हसू ओसरल्यावर आप्पा पंचांकडं वळले. म्हणाले, "ही पोर मी स्वतः सांगूनबी खोटा चिंचोका टाकायला तयार न्हाय, तिच्या आईच्या बाजूनंबी न्हाय. मग तिचं मोजणं खरं धरायला पायजे. आणि त्या बासष्ट निर्मळ ताटांतबी माझ्यासारखी मन मोडून खाणारी किती असतील, ते देवाला ठाऊक." मग ते उठले, दारापर्यंत आले आणि आईला हात जोडून म्हणाले, "आक्का, चुकलं. भोपळा कसला जातोय ते मी कधी बघितलंच न्हाय. असल्या भोपळ्यावरबी तुम्ही पोरं जेवती ठिवली."

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं पदर खोचला, मान वर केली आणि म्हणाली, "भोपळा चांगला असंल तर मी घारगं करतो, आप्पा. पुढल्या खेपंला खाऊन बघा." त्या दिवसापासून ती पंचांपुढं कधी मान खाली घालून उभी राहिली नाही.

कोल्हापूरकडच्या आचाऱ्याला नको म्हणून पत्र गेलं. ते पत्र मास्तरांनी मला लिहायला सांगितलं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून, आणि मी प्रत्येक अक्षर कोरून काढलं. पुढच्या आठवड्यात चिकोडीची गाडी आली ती घेवडा, दोडका, हिरवे वाटाणे आणि कोवळे दुधी घेऊन. मुलांनी गाडीवान दिसताच जल्लोष केला आणि बैलांच्या गळ्यात कुणीतरी झेंडूची माळ घातली. मास्तरांनी रोजवहीला नवीन पान घेतलं, त्यावर पाच रकाने आखले आणि शेजारी शेकड्याचा सहावा. दर महिन्याला ते पान मी भरायचं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लावायचं. शिवाय पंचांनी ठरवून टाकलं, की ह्या मुलीची शाळा मधे सुटता कामा नये. ती सुटली नाही. मी पुढं मॅट्रिक झाले, ट्रेनिंग केलं, आणि पस्तीस वर्षं त्याच गावात मुलींना शेकडेवारी शिकवली. व्याजाच्या गणितानं सुरुवात मात्र कधी केली नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या महिन्याचं. त्या महिन्यात शेकडा चौऱ्याण्णव ताटं निर्मळ आली. मास्तर पान हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. मुलांनी आईला ओवाळायचंच बाकी ठेवलं. मी आईला वाचून दाखवलं, चौऱ्याण्णव, आणि ती कौतुक करेल म्हणून थांबले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजे शंभरातली सा न्हाईत." मी म्हटलं, व्हय. पुढचा गोळा घेत ती म्हणाली, "आपल्या पन्नासात तीन." तिला अक्षर येत नव्हतं, हिशेब येत होता, आणि तो माझ्यापेक्षा लवकर येत होता. मग तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "कोण ती तीन पोरं?"

मला सांगता येईना. मी ताटं मोजली होती, पोरं मोजली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आई स्वतः वाढायला पंगतीत उभी राहिली आणि चार दिवसांत तिनं तिघांना शोधून काढलं. एकाची दाढ किडली होती, त्याला तिनं भाकरी ताकात कुस्करून दिली आणि मास्तरांबरोबर दवाखान्यात धाडलं. एक घरच्या आठवणीनं जेवत नव्हता, त्याला चुलीजवळ बसवून गावाकडच्या गप्पा मारत वाढायला लागली. तिसरा खानापूरच्या डोंगराकडचा, नुकताच आलेला. जन्मभर भात खाल्लेला. जोंधळ्याची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नव्हती आणि सांगायला लाजत होता. उरलेल्या भाकरीचे जवळजवळ सगळे चिंचोके त्या एकट्याचे होते. आईनं त्याच्यासाठी तांदळाच्या दोन भाकऱ्या वेगळ्या थापायला सुरुवात केली. एकशे पन्नासांवर आणखी दोन, त्याला काय लागतं, म्हणाली.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी पान भरायला स्वयंपाकघरात बसले होते. आमटीचा आकडा लिहिला, भाताचा लिहिला, आणि भाकरीच्या रकान्याशी थांबले. गाडगं उपडं करून झटकलं. काही नव्हतं. मी आईला सांगितलं, महिनाभरात भाकरी उरलेलं ताट एकबी न्हाय. तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मग कायी न्हाय ते कसं लिहायचं, म्हणून विचारलं. मी जमिनीवर बोटानं काढून दाखवलं. तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली, मुठीत धरली आणि भाकरीच्या रकान्यात ते शून्य स्वतः काढलं.